तिसरी चढाई

शिट्टी मीच वाजवली होती. निर्णय माझा होता आणि नियमाप्रमाणे तो बरोबर होता. आज आठ-नऊ वर्षांनी कुणी विचारले, तरी मी तोच निर्णय देईन. तरीही त्या दुपारची आठवण निघाली की मला अजून थोडे ओशाळल्यासारखे होते.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना होता. गाव चंद्रपूर जिल्ह्यातले. नाव सांगायचे कारण नाही. दिवाळी तोंडावर आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवले होते. महाविद्यालयाच्या पटांगणात मंडप घालून मॅट अंथरली होती आणि मॅटच्या भोवती पोरांची दाटी होती. एका बाजूला शहरातला, दरवर्षी सराव शिबिर घेणारा संघ. दुसऱ्या बाजूला गडचिरोलीच्या पार दक्षिणेकडून, रात्रभर एस.टी.त बसून आलेली बारा मुले. त्यांच्यापैकी निम्म्यांचे बूट उसने होते, हे चालण्यावरून कळत होते.

त्या संघात एक उंच, काटक मुलगा होता. चढाईला निघाला की हरणासारखा. अख्खा सामना त्याने एकट्याने ओढत आणला होता. शेवटची दोन मिनिटे उरली आणि त्याचा संघ एका गुणाने पुढे होता. आता काय करायचे, हे कबड्डी खेळलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. घाई करायची नाही. आत जायचे, निदान रेषा ओलांडायची, चार पावले नाचायचे, अंगाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही आणि सुखरूप परत यायचे. वेळ काढायचा. त्याच्या आधी त्याच्या संघाच्या दोन चढाया अशाच रिकाम्या गेल्या होत्या. हा तिसरा गेला, नाचला, दोघांच्या हातांतून निसटला आणि मांडीवर थाप मारत हसत परत आला.

मी शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिले.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, “सर, मले कोनी शिवलंच नाई ना जी!”

खरेच होते. त्याला कुणी शिवले नव्हते. त्याचा दम तुटला नव्हता. रेषेबाहेर पाऊल पडले नव्हते. आयुष्यभर जो खेळ तो खेळत आला, त्या खेळात तो बाद होण्याचे काहीही कारण नव्हते. कारण होते ते नव्या नियमात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायलाच हवा. नाही मिळाला तर चढाई करणारा बाद आणि समोरच्याला एक गुण. टीव्हीवर ज्याला ‘डू ऑर डाय’ म्हणतात, ती ही तिसरी चढाई.

बरोबरी झाली. हा मुलगा बाहेर बसला. पुढच्या दीड मिनिटात त्याचा संघ दोन गुणांनी हरला.

०

माझी ओळख वाचकांना असलीच तर ती कादंबऱ्यांमुळे. पोटापाण्यासाठी मी बँकेत अधिकारी होतो, हेही काहींना ठाऊक असेल. पण कबड्डीचा पंच म्हणून मी पंचवीसएक वर्षे उन्हात उभा राहिलो, हे घरच्यांखेरीज फारसे कुणाला माहीत नाही. बायको म्हणायची, “रविवारी माणसं घरी असतात, तुम्ही रेषेवर असता.” खोटे नव्हते.

माझ्या लहानपणी या खेळाला आमच्याकडे वडीलधारी माणसे हुतुतूच म्हणत. मैदान म्हणजे नांगरून, पाणी मारून, धुमसाने बसवलेली माती. रेषा चुन्याच्या किंवा राखेच्या. पंच म्हणजे गावातले एखादे गुरुजी. त्यांचा शब्द म्हणजे नियम. पुस्तक कुणी पाहिले नव्हते.

पुढे महाविद्यालयात गेलो, पंचाची परीक्षा दिली आणि तेव्हा कळले की, हा खेळ कधी एकच नव्हता. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार महाराष्ट्रात खेळले जात. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडायचे नाही. फक्त गुण मोजायचे. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत. आजची कबड्डी या संजीवनीच्या पोटातून आली आहे. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळी कुणीतरी गामिनीवाल्यांना सांगितलेच असेल, ‘बाबांनो, आता गडी परत येतो.’ आणि त्यांच्यातलाही कुणी तरी म्हणाला असेल, ‘मेलेला गडी परत कसा येतो?’

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा आमच्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे गेले होते. आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी दाखवली, त्यात कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रात्यक्षिकापुरती होती, १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली. या प्रत्येक पायरीवर नियम घासले गेले, मोजमापे ठरली. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. संघात बारा, मैदानावर सात. वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे. वजन ८५ किलोंच्या आत. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक. आमच्या गुरुजींच्या जागी सहा माणसे आली.

हे सगळे सांगण्याचे कारण इतकेच की, ‘आमच्या वेळची कबड्डी राहिली नाही’ असे गळा काढणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वेळची कबड्डीसुद्धा कुणाच्या तरी वेळची कबड्डी मोडूनच झाली होती.

०

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डी घरातल्या टीव्हीवर आली. त्यापूर्वी ज्या बायाबापड्यांनी हा खेळ ‘पोरांची धुळवड’ म्हणून सोडून दिला होता, त्या स्वयंपाक आटोपून समोर बसू लागल्या. या लीगमुळे तीन बदल सगळ्यांच्या डोळ्यांत भरले. त्यांतले काही पुढे महासंघाच्या, विद्यापीठांच्या स्पर्धांतही आले.

पहिला म्हणजे तीस सेकंदांचा. पूर्वी चढाई दमावर चालायची. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार एका श्वासात जोवर चालू, तोवर चढाई. आमच्याकडे जंगलपट्टीत असे गडी होते की, त्यांचा दम संपायची वाट बघताना पंचाला जांभई यावी. आता घड्याळ आले. तीस सेकंदांत परत या.

दुसरा बदल पकडीचा. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर एका ऐवजी दोन गुण. वर्तमानपत्रे तिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. लोण चढण्याच्या, म्हणजे सगळा संघ बाद होऊन वर दोन गुण देण्याच्या बेताला आलेल्या संघाला या नियमाने जीव धरायला आधार दिला. पूर्वी तीन गडी उरले की प्रेक्षक चहाला उठायचे. आता तेव्हाच पुढे सरकून बसतात.

तिसरा बदल तिसऱ्या चढाईचा. तो का आला, हे मला पंच म्हणून चांगले ठाऊक आहे. चार गुणांनी पुढे असलेला संघ शेवटची आठ-आठ मिनिटे रिकाम्या चढाया करत काढायचा. निदान रेषेला पाय लावायचा, परत यायचे. समोरचा संघ चडफडायचा, प्रेक्षक शिट्ट्या मारायचे आणि आम्ही पंच नियमाच्या चौकटीत हात बांधून उभे. तो खेळ नव्हता, चुकवाचुकवी होती. नव्या नियमाने ती बंद केली.

तेव्हा बदल वाईट नव्हता. प्रत्येक बदलामागे कारण होते. पण एक गोष्ट या कारणांच्या यादीत कुठेच नव्हती. काल जे शहाणपण होते, ते आज चूक ठरले आहे, हे त्या उंच पोराला कोण सांगणार?

०

इथे मला बँकेतली एक गोष्ट सांगायला हवी.

१९८० च्या दशकात, मी नवा अधिकारी असताना, माझी बदली गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या एका शाखेत झाली. जिल्हा नुकताच, १९८२ साली, चंद्रपुरातून वेगळा झालेला. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद, एस.टी. बंद, टपाल बंद. मुख्य कार्यालयाची परिपत्रके एरवी चार दिवसांनी यायची, ती पंधरा दिवसांनी गठ्ठ्याने यायची. कागद ओले, कडा चिकटलेल्या.

अशाच एका पावसाळ्यात मुदत ठेवींचे व्याजदर बदलले. ज्या तारखेपासून ते बदलले, त्यानंतर आठवड्याने, परिपत्रक हाती नसताना, मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची ठेव जुन्या, जास्त दराने नव्याने करून दिली. धान विकून जमवलेले पैसे होते. पावतीवर माझी सही होती. मग गठ्ठा आला. तपासणीत चूक निघाली आणि वरून हुकूम आला की, पावती दुरुस्त करा. म्हाताऱ्याला बोलावून मी समजावले. नियम अमुक तारखेपासून लागू झाला, बाबा. सगळ्या देशाला एकच नियम. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पन साहेब, मले कोनी सांगतलं होतं का? तुमाले तरी कोनी सांगतलं होतं?”

मी त्याला भिंतीवरचा सूचना फलक दाखवला. आदल्या दिवशीच मी तिथे परिपत्रकाची प्रत डकवली होती. त्याला वाचता येत नव्हते. आणि येत असते तरी ते इंग्रजीत होते.

पैशांचा फरक फार नव्हता. पण त्या दिवसापासून ‘नियम लागू झाला’ हे शब्द कागदावर वाचले की मला आधी तो पूर आलेला नाला दिसतो. नियमाला दोन तारखा असतात. एक, ज्या दिवशी तो छापला जातो ती. दुसरी, ज्या दिवशी तो शेवटच्या माणसाला कळतो ती. या दोन तारखांच्या मध्ये जे काही घडते, त्याची किंमत नेहमी एकच बाजू मोजते.

०

आता पुन्हा त्या सामन्याकडे.

संध्याकाळी मी माझ्या मनाचे समाधान करण्यासाठी चौकशी केली. नव्या नियमांची माहिती दिली गेली होती का? दिली होती. सकाळी आठ वाजता सर्व संघांच्या कर्णधारांची आणि व्यवस्थापकांची बैठक झाली होती, तीत सगळे वाचून दाखवले होते. मग हा संघ? त्यांची बस वाटेत बंद पडली, ते साडेनऊला पोहोचले. मग त्यांना कुणी सांगितले? त्यांच्या व्यवस्थापकाला कागद दिला होता. व्यवस्थापक कोण? एक तरुण प्राध्यापक, इतिहास शिकवणारे. क्रीडा शिक्षकाची जागा रिकामी, म्हणून त्यांना पाठवलेले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला होता, कारण पोरांनी रात्रीपासून काही खाल्ले नव्हते आणि आधी त्यांच्या पोह्यांची सोय बघायची होती. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही आधी पोहेच बघितले असते.

आणि मी? मी तर तिसऱ्या चढाईपूर्वी मोठ्याने “तिसरी!” असे म्हटले होते. तीन बोटेसुद्धा दाखवली होती.

रात्री बसस्थानकावर ती मुले भेटली. सकाळच्या गाडीची वाट बघत तिथेच पथारी पसरून बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. मी त्या मुलाला म्हटले, “अरे, मी तिसरी म्हणून ओरडलो होतो, ऐकलं नाहीस का?”

“ऐकलो ना जी,” तो म्हणाला. “मले वाटलं तुमी मोजून रायले.”

मी मोजतच होतो. पण कशासाठी मोजतो आहे, हे त्याला माहीत नव्हते. माझे ओरडणे म्हणजे त्या शाखेतला सूचना फलकच झाला होता. सांगितल्याची नोंद होती, कळल्याची नव्हती.

शहरातल्या वाचकांना वाटेल, एका सामन्याचे एवढे काय? हरली पोरे, पुढच्या वर्षी जिंकतील. पण आमच्या दोन जिल्ह्यांत सामना फक्त सामना नसतो. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, त्यामुळे आमच्या मुलांना निदान स्वतःच्या विद्यापीठाच्या संघात जागा मागता येते. त्यापूर्वी ती नागपूर विद्यापीठाच्या भल्यामोठ्या गर्दीत हरवून जात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ पुढे गेला, तर निवड समितीची नजर पडते. निवड झाली, तर विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येते. तिथे काही केले, तर हाती प्रमाणपत्र येते. आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्तरावर खेळून काय मिळवले, यावर ते ठरते. ज्या घरात मोहफुले आणि तेंदूपाने वेचून वर्षाची मीठमिरची भागते, त्या घरातल्या पोराला पोलीस भरतीच्या रांगेत हे प्रमाणपत्र म्हणजे काय असते, ते मी सांगायला नको. त्या दुपारी माझ्या शिट्टीबरोबर या साखळीची पहिलीच कडी निसटली होती.

०

मग मी स्वतःला समजावत असे की, ही आडभागाची कहाणी आहे. मोठ्या ठिकाणी असे होत नाही. २०२३ सालच्या ७ ऑक्टोबरने ती समजूतही मोडली.

चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धांतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना. भारत आणि इराण. मी आणि माझा नातू टीव्हीसमोर. गुण २८-२८ आणि खेळ अगदी अखेरच्या क्षणांत. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. तीही ‘डू ऑर डाय’चीच चढाई. कुणाला स्पर्श होण्याआधीच त्याचे पाऊल लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या एक मीटरच्या राखीव पट्ट्यात पडले. झटापट होईपर्यंत हा पट्टा खेळात धरत नाहीत. त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही त्या पट्ट्यात गेले. आता गुण कुणाला?

एका नियमाप्रमाणे चढाईपटू बाद, आणि स्पर्श न होता त्याच्यामागे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू लॉबीत गेला तिथेच चढाई संपली. बाद फक्त तोच. पंचांनी एक निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा फिरवला. कधी भारताचे खेळाडू मॅटवर बसले, कधी इराणचे. सामना तासभर थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि भारताने ३३-२९ असा सामना जिंकून सुवर्णपदक घेतले.

नातवाने टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. पण मनात म्हटले, बघा, जगातले निवडक पंच, कॅमेरे, सगळा सरंजाम, आणि तरी दोन नियमपुस्तकांच्या मध्ये एक तास हरवला. फरक एवढाच की, तिथल्या खेळाडूंना नियम ठाऊक होते म्हणून ते मॅटवर बसकण मारू शकले. माझ्या मुलाला नियम ठाऊक नव्हता, म्हणून तो मान खाली घालून बाहेर जाऊन बसला. न्याय मागायलासुद्धा आधी नियम माहीत असावा लागतो.

०

त्या सामन्यानंतर मी पंच म्हणून एक सवय लावून घेतली. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना, फक्त कर्णधारांना नव्हे, चोवीसच्या चोवीस मुलांना मॅटवर गोल बसवायचे. नवे नियम वाचायचे नाहीत, करून दाखवायचे. दोन पोरांना दोन रिकाम्या चढाया करायला लावायच्या, तिसऱ्याला विचारायचे, ‘आता तू काय करशील?’ तो चुकला की सगळे हसतात, आणि हसले की लक्षात राहते. सहा मिनिटे लागतात. पहिल्या वर्षी संयोजक घड्याळाकडे बघायचे. पुढे तेच म्हणू लागले, “सर, तुमचं ते नाटक आधी होऊन जाऊ द्या.”

जिथे माडिया मुले असतील, तिथे त्यांच्यातल्याच एकाला उभे करून त्यांच्या भाषेत सांगायला लावायचे. मला ती भाषा येत नाही. पण तो सांगत असताना इतरांच्या माना कशा हलतात, यावरून नियम पोहोचला की नाही हे बरोबर कळते.

यातून सगळे प्रश्न सुटत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, रात्रभर नाटके होतात, आणि त्याच हंगामात गावोगाव विजेच्या झोतात कबड्डीचे सामने रंगतात. ते मातीवर, बहुतेक अनवाणी, आणि त्या त्या गावाने मानलेल्या नियमांवर. तिथे वाढलेला मुलगा महाविद्यालयात येतो तो एकदम मॅटवर. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो धरतो. मातीवरचा गडी सवयीने वळतो आणि घोटा मुरगळतो. म्हणजे त्याला नियम नवे, जमीन नवी आणि बूटही नवे. विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. त्या संघात जंगलपट्टीतली पोरे किती दिसतात, हे जमेल त्याने जरूर पाहावे. पोरांच्या दमात काही कमी नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. विद्यापीठाने किंवा संघटनेने नियम बदलला, की तो हंगामाच्या मध्यावर लागू करू नये. मराठीत, दोन पानांत, चित्रांसह तो प्रत्येक महाविद्यालयात जावा. पावसाळ्यापूर्वी जावा, कारण भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की कागद काय, माणूसही पोहोचत नाही. गावच्या मंडळांच्या सामन्यांना एकेक प्रशिक्षित पंच एक रात्र तरी द्यावा. आणि शक्य असेल तिथे नव्या नियमाची पहिली चूक ताकीद देऊन सोडावी. बँकेत मला हे करता आले नाही, कारण व्याजाचा हिशेब ताकिदीवर चालत नाही. खेळाचा चालू शकतो.

०

गुडघ्यांनी सांगितल्यावर मी पंचगिरी सोडली. शिट्टी टेबलाच्या खणात आहे.

तो उंच मुलगा पोलिसात गेला नाही. दोनदा भरतीला उभा राहिला, दोन्ही वेळा थोडक्यात हुकले. ते त्या सामन्यामुळेच हुकले असे मी म्हणणार नाही. आणि तो सामना नसता तर काय झाले असते, हेही मला सांगता येणार नाही. आता तो बापाबरोबर धानाची शेती करतो, आणि हिवाळ्यात आसपासच्या गावांतल्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. अधूनमधून फोन करतो. गेल्या हिवाळ्यात असाच रात्री साडेनऊला फोन आला. मागे ध्वनिक्षेपकाचा गोंगाट.

“सर, लॉबीचं आता नेमकं कसं हाय जी? इथं दोन गावचे लोक भांडून रायले. पुढचा सामना चालू करायच्या आधी पोरायले सांगाचं हाय.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. आज नेमका कोणता नियम चालू आहे, याची मला खात्री नव्हती. पंचवीस वर्षे पंच होतो, तरी नव्हती.

“थांब,” म्हटले, “पुस्तक बघून दहा मिनिटांत सांगतो. तोवर सामना सुरू करू नकोस.”

“नाई करत जी,” तो म्हणाला. “बसवून ठेवतो पोरायले.”

चष्मा शोधला. खण उघडला. पुस्तकावर शिट्टी ठेवलेली होती, ती बाजूला केली आणि पाने उलटू लागलो.